मुलांच्या कांजिण्या : चौथ्या दिवसानंतर काय पाहावे

एका मातेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांच्या मुलाला कांजिण्या होऊन आज तिसरा दिवस आहे, रोज नवे फोड येत आहेत आणि ताप १०१ ते १०२ अंशांच्या दरम्यान आहे. घरात अडीच वर्षांची धाकटी मुलगी आणि सासूबाई आहेत. पुरळ दिसण्याच्या आदल्या दिवशी पाच महिन्यांची गर्भवती जाऊ दिवसभर घरी येऊन गेली. दोन्ही मुलांना सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या लसी वेळेवर दिलेल्या असताना हा आजार झालाच कसा, आंघोळ घालावी का, औषध द्यावे का आणि नेमके कशाला घाबरावे, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचा सगळा प्रश्न मुलाभोवती फिरतो आहे आणि ते स्वाभाविकच आहे. पण वेळेचे बंधन आहे ते त्याच्या बाबतीत नव्हे, तर तुमच्या जावेच्या आणि धाकट्या मुलीच्या बाबतीत. म्हणून आधी त्या दोघींविषयी लिहितो.

कांजिण्या ज्या विषाणूमुळे होतात त्याचे नाव व्हॅरिसेला-झोस्टर. तो श्वासातून हवेत येतो, फोडांतल्या पाण्यातूनही पसरतो, आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे ज्या दिवशी मुलगा फक्त किरकिरा आणि थोडा तापलेला होता, त्या दिवशी घरात असलेल्या सर्वांचा त्याच्याशी खरा संपर्क झालेला आहे. ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, अशा माणसाला एका घरात राहून लागण होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. पुरळ दिसल्यानंतर मुलाला वेगळ्या खोलीत ठेवणे योग्यच आहे, मात्र त्याने घरातल्यांची लागण टळेल अशी फारशी आशा धरू नये.

जावेने आजच आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ही गोष्ट सांगावी. त्यांना लहानपणी कांजिण्या झाल्याचे स्वतःला किंवा आईला खात्रीने आठवत असेल, तर बहुधा काळजीचे कारण नाही. आठवत नसेल तर रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे व्हॅरिसेला आयजीजीची, तपासणी करावी. आठवत नाही असे सांगणाऱ्या अनेक स्त्रियांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे सापडतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. प्रतिपिंडे नसतील, तर विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन संपर्कानंतर शक्य तितक्या लवकर आणि फार तर दहा दिवसांच्या आत देता येते. ते सगळीकडे सहज मिळत नाही आणि महागही असते, म्हणून शोधाशोध करायला वेळ हाताशी असलेला बरा. ते न मिळाल्यास अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध द्यायचे का, हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. गर्भावस्थेच्या पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या, तर बाळात जन्मजात दोष राहण्याची शक्यता असते, मात्र ती साधारण दोन टक्क्यांच्या आत आहे, हे भीती वाढण्याआधी त्यांना नक्की सांगा. आईच्या स्वतःच्या फुप्फुसांना होणारा न्यूमोनिया ही माझ्या मते त्याहून मोठी चिंता आहे. कांजिण्यांची लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची असल्यामुळे गर्भवती स्त्रीला ती देत नाहीत.

आता धाकटी मुलगी. सरकारी लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आहे, कांजिण्यांची नाही. त्यामुळे कार्डावरच्या सगळ्या रकान्यांत तारखा भरलेल्या असूनही मूल कांजिण्यांपासून सुरक्षित नसते. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यासाठी स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही. खासगी दवाखान्यात ही लस विकत मिळते आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना तिचे दोन डोस सुचवते, पहिला पंधराव्या महिन्यात आणि दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. संपर्क झाल्यापासून तीन दिवसांच्या, फार तर पाच दिवसांच्या आत पहिला डोस दिला, तर आजार टळू शकतो किंवा बराच सौम्य होतो. तुमच्या घरात ही मुदत जवळपास संपत आली आहे. मुलगी एरवी निरोगी असेल, तर आज किंवा उद्या सकाळी तिला लस द्यावी; तिला लागण आधीच झालेली असली तरी लसीमुळे आजार वाढत नाही.

लस देऊनही ती आजारी पडलीच, तर संपर्कापासून दहाव्या ते एकविसाव्या दिवसादरम्यान, बहुधा दोन आठवड्यांच्या सुमारास, पुरळ दिसेल. या दुसऱ्या मुलाविषयी पालकांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. घरातल्या ज्या मुलाला भावंडाकडून लागण होते, त्याचा आजार अनेकदा पहिल्यापेक्षा जोरात येतो. फोड जास्त असतात आणि ताप अधिक दिवस टिकतो. चोवीस तास त्याच घरात आणि त्याच अंथरुणाजवळ राहिल्याने शरीरात शिरणाऱ्या विषाणूची मात्रा जास्त असते, असे त्याचे कारण मानले जाते. पहिल्या मुलाच्या वेळी सगळे व्यवस्थित पार पडलेले असल्याने नेमके दुसऱ्याच्या वेळी घर निर्धास्त असते. म्हणून तिच्या अंगावर पहिला फोड दिसला, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अ‍ॅसायक्लोव्हिरचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सुरू केले तरच होतो, आणि घरातून लागण झालेल्या दुसऱ्या मुलाला ते देण्याचा विचार अवश्य करावा.

मुलाला ते औषध आता सुरू करावे, असे मी म्हणणार नाही. निरोगी लहान मुलात वेळेवर सुरू केले तरी त्याने ताप साधारण एक दिवसाने कमी टिकतो आणि फोड काहीसे कमी येतात. गुंतागुंत टळते असे दिसलेले नाही. तिसऱ्या दिवशी सुरू करून तेवढाही लाभ मिळत नाही. बारा वर्षांवरील मुले, त्वचेचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेली मुले आणि स्टिरॉइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर असलेली मुले यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात औषधाची गरज प्रत्येक वेळी तपासावीच लागते.

रोज नवे फोड येत आहेत, याला घाबरू नका, कारण कांजिण्यांची रीतच ती आहे. आधी लाल ठिपका, मग उंचवटा, मग पातळ कातडीखाली पाण्याचा थेंब अडकल्यासारखा स्वच्छ फोड, नंतर तो गढूळ होतो आणि खपली धरतो. एका फोडाचा हा प्रवास दीड-दोन दिवसांत उरकतो. असे फोड तीन ते पाच दिवस घोळक्याघोळक्याने उठत राहतात, म्हणून एकाच वेळी अंगावर ठिपके, फोड आणि खपल्या शेजारीशेजारी दिसतात. ते छाती, पाठ, पोट, चेहरा आणि डोक्यातल्या केसांत जास्त, हातापायांच्या टोकांकडे कमी असतात. लस न घेतलेल्या मुलात अडीचशे ते पाचशे फोड येणे हे नेहमीचेच आहे. पावसाळ्यात आपल्याकडे पसरणाऱ्या हात-पाय-तोंडाच्या आजारात फोड तळहात, तळपाय आणि तोंड येथे एकवटतात, आणि अनेक पालक त्यालाच कांजिण्या समजून ‘याला दुसऱ्यांदा झाल्या’ असे सांगतात. कांजिण्या दुसऱ्यांदा होणे विरळा असते.

फोडांची संख्या पाहून आजाराची तीव्रता ठरवण्याची सवय घराघरांत आहे. माझे लक्ष त्याहून जास्त तापाच्या वाटचालीकडे असते. पहिले तीन-चार दिवस ताप असणे अपेक्षित आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून नवे फोड थांबू लागतात, ताप उतरतो, मूल खाऊ-खेळू लागते. जर ताप चौथ्या दिवसानंतरही चढाच राहिला, किंवा एक-दोन दिवस उतरून पुन्हा चढला, तर तो कांजिण्यांचाच आहे असे धरून घरी थांबू नये. बहुतेक वेळा त्यामागे फोडांत शिरलेले जिवाणू असतात. नखाने खरवडलेल्या फोडातून स्टॅफिलोकॉकस किंवा ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस त्वचेत शिरतात, आणि मुलांमधली सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत ती हीच. सुरुवातीला एखाद्या फोडाभोवतीची त्वचा लाल, गरम आणि कडक होते, लाली पसरत जाते, पू येतो. यातली बहुतेक मुले तोंडाने घेण्याच्या प्रतिजैविकावर बरी होतात. पण स्ट्रेप्टोकॉकस कधी कधी त्वचेखालच्या थरांत खोलवर पसरतो, आणि तेव्हा त्वचेवर दिसते त्या मानाने वेदना फार जास्त असते. जे मूल एका पायाला हातही लावू देत नाही, लंगडते किंवा उचलले की किंचाळते, त्याच्या बाबतीत ‘फोड दुखत असतील’ असे म्हणून रात्र काढू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.

इथेच तापाच्या औषधाचा मुद्दा येतो. कांजिण्यांत पॅरासिटॅमॉल द्यावे, आयबुप्रोफेन देऊ नये. आयबुप्रोफेन घेतलेल्या मुलांत त्वचेतील गंभीर जिवाणूसंसर्ग जास्त आढळल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. तेच कारण आहे असे निर्विवाद सिद्ध झालेले नसले तरी सुरक्षित पर्याय हाताशी असताना धोका कशाला घ्यायचा? अडचण अशी की आपल्याकडे मुलांच्या तापासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सिरपांत पॅरासिटॅमॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा त्याच गटातले मेफेनामिक आम्ल मिसळलेले असते आणि घरातली अर्धी बाटली नाव न पाहता पुन्हा उघडली जाते. बाटलीवरचे घटक वाचा. पॅरासिटॅमॉलची मात्रा वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींची सिरपे मिळतात, म्हणून ‘एक चमचा’ हे प्रमाण पुरेसे नाही. वीस किलोच्या मुलाला २५० मिलिग्रॅम योग्य ठरते.

अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नको. कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्यानंतर यकृत आणि मेंदूला एकदम इजा करणारा राय सिंड्रोम नावाचा आजार होत असल्याचे लक्षात आल्यावर १९८०च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनने मुलांसाठी त्याचा वापर जवळपास बंद केला, आणि त्यानंतर हा आजार दिसेनासा झाला. कावासाकी या रक्तवाहिन्यांच्या आजारासारख्या कारणासाठी जे मूल डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित अ‍ॅस्पिरिन घेत असेल, त्याच्या पालकांनी कांजिण्यांच्या नुसत्या संपर्कानंतरही लगेच फोन करावा. गोळी परस्पर बंद करू नये.

आणखी एक गोष्ट मला काळजीत टाकते, ती म्हणजे स्टिरॉइड. नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणारी मुले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेली मुले, अशांमध्ये हाच विषाणू फुप्फुसे, यकृत आणि मेंदूपर्यंत पसरू शकतो. त्यांना रुग्णालयात शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर द्यावे लागते, आणि त्यासाठी आजार वाढण्याची वाट पाहायची नसते. हे पालकांना सहसा माहीत असते. माहीत नसते ते असे की खाज किंवा ‘अ‍ॅलर्जी’ कमी करण्यासाठी दुकानातून दिलेले थेंब, गोळ्या किंवा मलम यांतही अनेकदा स्टिरॉइड असते. पुरळ अजून कांजिण्यांचे आहे हेही ठरलेले नसताना असे औषध देऊ नका. दम्यासाठी ओढण्याचा नेहमीचा पंप मात्र बंद करण्याची गरज नसते.

मेंदूवर होणारा परिणाम क्वचित घडतो, पण ओळखता यायला हवा. साधारण चार हजारांत एका मुलात, बहुधा पुरळ उठल्यानंतर आठवडाभराने, लहान मेंदूला सूज येते. ताप गेलेले, हसतेखेळते मूल अचानक झोकांड्या देत चालू लागते, बोलणे अडखळते. हे पाहून घर हादरते, परंतु यातली बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. सतत झोपेची गुंगी, वारंवार उलट्या, झटके, असंबद्ध बोलणे किंवा मान ताठ होणे ही लक्षणे मात्र मेंदूज्वराची असू शकतात आणि त्यात तासही मोलाचे असतात. श्वास जलद चालणे, छाती आत ओढली जाणे, फोडांत रक्त उतरणे, आठ तासांहून अधिक वेळ लघवी न होणे, डोळ्याच्या बुबुळावर फोड दिसणे, ही देखील त्याच दिवशी दाखवण्याची कारणे आहेत. फार विरळा, पण नोंदलेली गोष्ट म्हणजे कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी मेंदूच्या रक्तवाहिनीला सूज येऊन मुलाला पक्षाघात होणे; तेव्हा मागच्या सहा-बारा महिन्यांत कांजिण्या झाल्या होत्या का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

एका मुलापुरता हा आजार सौम्य असतो, आणि तरीही समाजात त्याची किंमत मोठी असते. लस येण्यापूर्वी अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत. त्यांपैकी दहा हजारांहून अधिक रुग्णालयात दाखल होत आणि १०० ते १५० जण दगावत. दाखल होणाऱ्यांतले बहुतेक जण आधी ठणठणीत होते. लस शोधली जपानच्या ओसाका विद्यापीठातील मिचिआकी ताकाहाशी यांनी, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात. त्यांच्या लहान मुलाला कांजिण्यांचा जोरदार आजार झाला होता, त्यातून त्यांना हा ध्यास लागला. अमेरिकेने १९९५ मध्ये ती स्वीकारली, आणि एका डोसनंतरही शाळांत साथी येत राहिल्याने २००६ पासून दोन डोस सुरू केले. ब्रिटनने मात्र सरकारी कार्यक्रमात तिचा समावेश २०२६ च्या जानेवारीत केला. तिकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी मुलांची कार्डे त्या दृष्टीने पाहून घ्यावीत. लस घेतलेल्या मुलालाही कधी कांजिण्या होतात, पण फोड बहुधा पन्नासपेक्षा कमी असतात आणि ताप नसतो किंवा अगदी किरकोळ असतो.

सासूबाईंच्या सूचनांविषयी. अंगावर फोड आले की ‘आई आली’ म्हणून औषध थांबवायचे, आंघोळ बंद करायची, घरात फोडणी द्यायची नाही, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायचा, या प्रथा देवीच्या साथींच्या काळातल्या आहेत. तो रोग खरोखर माणसे मारत असे आणि त्यावर औषध नव्हते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. या प्रथांतला विसावा, वेगळे अंथरूण आणि बाहेरच्यांना घरात न घेणे हा भाग आजही उपयोगाचा आहे, आणि तोंडात फोड आलेल्या मुलाला बिनतिखटाचा दहीभात खरोखरच बरा वाटतो. मात्र दोन आठवडे त्याला तेवढ्यावर ठेवू नका. वरण, अंडे, दूध, जे जाईल ते द्या. आंघोळ रोज घाला: कोमट पाणी, सौम्य साबण, न घासता टिपून कोरडे करणे. आंघोळीने फोड पसरत नाहीत, उलट त्वचेवरचे जिवाणू कमी होतात. पाण्यात कडुनिंबाची पाने टाकायला माझी हरकत नाही. पानांचा लेप, हळद किंवा अंगारा फुटलेल्या फोडांवर लावायला मात्र हरकत आहे. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा पूजा त्यांच्याकडे आणि औषध तुमच्याकडे, अशी वाटणी करून घेतलेली मी अनेक घरांत पाहिली आहे आणि ती चांगली चालते.

खाजेसाठी कॅलामाइन लोशन, सैल सुती कपडे, आखूड कापलेली नखे एवढे बहुधा पुरते. रात्री झोप होत नसेल तर डॉक्टरांना विचारून खाजेचे औषध द्यावे. खपल्या आपोआप पडू द्याव्यात. नंतर राहणारे फिकट किंवा काळपट डाग काही महिन्यांत विरतात. खड्डे राहतात ते मुख्यतः खपली ओढल्याने किंवा फोडात पू झाल्याने.

सासूबाईंना नातवापासून नागीण होईल का, ही शंकाही तुमच्या घरात निघालेली असणार. तसे होत नाही. कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू शरीर सोडून जात नाही, तो मज्जातंतूंच्या गाठींत निपचित राहतो आणि प्रतिकारशक्ती मंदावली की त्याच माणसात नागीण होऊन उठतो. ही मांडणी इंग्लंडमधील सायरनसेस्टर गावच्या होप-सिम्पसन या साध्या गावडॉक्टरांनी आपल्याच रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये केली होती. म्हणजे सासूबाईंना नागीण झालीच, तर ती त्यांच्या स्वतःच्या जुन्या विषाणूची असेल. उलट दिशेने मात्र लागण होते: नागीण झालेल्या आजीच्या उघड्या फोडांमुळे लस न घेतलेल्या नातवंडाला कांजिण्या होऊ शकतात. आणि घरातल्या कोणा मोठ्या माणसाला, तुमच्या पतींनाही, कांजिण्या झालेल्या नसतील तर त्यांनीही लसीबाबत विचारावे. उष्ण प्रदेशांत ज्यांना लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत असे प्रौढ बरेच असतात, आणि प्रौढांत न्यूमोनियाचा धोका मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो.

शाळेत पाठवण्यासाठी सगळ्या फोडांवर खपली धरलेली असावी. पुरळ उठल्यापासून त्याला बहुधा पाच ते सात दिवस लागतात. खपल्या गळून पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही. मुलीला सध्या बरे वाटत असले तरी शेजारच्या तान्ह्या बाळांपासून आणि गर्भवती स्त्रियांपासून तिला संपर्काच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत दूर ठेवा. मुलाला पुढे ही लस देण्याची गरज नाही. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर आजाराची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.